नवी गारमाळच्या दोनशे बारा उंबऱ्यांची हकीकत

श्री. प्रथम नमन प्रश्नास, कारण तो आपल्या तोंडी असतो. मग नमन उत्तरास, ते जेथे कोठे असेल तेथे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, ज्येष्ठापासून फाल्गुनापर्यंत एका राज्यात जे वर्तमान घडले ते लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही. राज्य समुद्राकाठी आहे, तेथे बारा महिने पाऊस पडतो, डोंगर हिरवे आहेत आणि प्यावयास पाणी टँकरने येते, इतके सांगितल्यावर ज्याला ओळखावयाचे तो ओळखील. लिहिणारा सुतार आहे. मजला पल्लेदार लिहिता येत नाही, लागते तितकेच तासतो. आमचे कुटुंब हौसा रोज रेडिओला कान लावून दरबारचे सवालजवाब ऐके, आणि मी कामावरून आलो की सगळे मजला पुन्हा सांगे, कोण काय बोलिले, कोण गप्प राहिले, कोणाचा घसा कोरडा पडला. ती गेल्या श्रावणात गेली, आणि खरी मौज तिच्या माघारी जाहली. तिजला सांगावयाचे राहिले ते कागदावर सांगतो. कोठे हात भरभर चालला तर वाचणारांनी सांभाळून घ्यावे.

तर या राज्याच्या उत्तर तीरावर नवी गारमाळ म्हणोन वस्ती आहे. सात वर्षांमागे सरकारने तेथे दोनशे बारा घरे बांधिली, पक्की, चांगल्या विटांची, आणि सगळ्यांस बाहेरून कुलपे घातली. कुलपे घातली कारण पाणी नव्हते. ज्यांच्या नावे घरे निघाली त्यांनी पाणी येईतो धर्मशाळेत राहावे ऐसा हुकूम जाहला, आणि ते तेथे सात वर्षे राहिले. माझी लेक मंजुळा त्यांतली. तिच्या नावे एकेचाळीस नंबरचे घर. ती, जावई, दोन मुले आणि सासूबाई ऐसे पाच जण धर्मशाळेच्या एका कोपऱ्यात, मध्ये लुगड्याचा पडदा, आणि पडद्यापलीकडे दुसरे सहा जण. माझी खोली कारखान्याच्या मागे, तीत लाकूड मावेना तर माणसे कोठे मावणार. धर्मशाळेत काही बोलावे तर सगळ्यांनी ऐकावे, म्हणोन मंजुळा आणि जावई भांडावयास समुद्रावर जात, आणि पाऊस आला की भांडण अर्धे टाकून परत येत. मुलांची शाळा पत्र्याखाली भरे. पाऊस लागला की गुरुजींचे ओठ हालताना दिसत, शब्द ऐकू येत नसे, मग गुरुजी फळ्यावर लिहीत, थांबल्यावर सांगतो, आणि तो शब्द फळ्यावरून कधी पुसला जात नसे. आणि सरकारी कामाचा नियम ऐसा की सात वर्षांत जे पुरे जाहले नाही ते दप्तरदाखल होते, म्हणजे कागद फडक्यात बांधून माळ्यावर ठेवितात आणि ती गाठ पुन्हा कोणी सोडीत नाही. गारमाळची सात वर्षे त्या सालच्या पौष पौर्णिमेस भरत होती. त्यानंतर ती घरे पोलिसांच्या घोड्यांच्या चाऱ्यास द्यावी ऐसे घरखात्याने ठरवूनही ठेविले होते. घोड्यांस नळाचे पाणी लागत नाही, ऐसा त्यात शेरा होता.

त्या चैत्रात उत्तर तीराने द्वारकाबाई नलवडे यांस सभासद म्हणोन दरबारी पाठविले. बाई तीस वर्षे सुईण होत्या, अर्धा परगणा त्यांच्याच हातावर जन्मास आला, मंजुळाही. त्यामुळे त्यांस दम धरावयाची सवय, आणि वेळ आली की जोर लावा म्हणावयाचीही सवय. दरबारची रीत ऐशी की सभासदाने प्रश्न लिहून द्यावा, एका प्रश्नात एकाच खात्यास विचारावे, आणि खात्याने उत्तर पटलावर ठेवावे. त्यावर एक पुरवणी प्रश्न तोंडी विचारता येतो, मग खाली बसावे. आणि खात्यांची एक आण आहे, तिला ते फार जपतात, की उत्तरात खोटे लिहावयाचे नाही. थोडे लिहावे, आडवे लिहावे, दुसऱ्या खात्याकडे वर्ग करावे, पण खोटे नाही. बाईंनी ही रीत नीट ऐकून घेतली, आणि ज्येष्ठ शुद्ध पंचमीस पहिला प्रश्न टाकिला.

घरखात्यास विचारिले की गारमाळची घरे केव्हा देता. घरखाते बोलिले, पाणी आले की देतो. मग बाई पाणीखात्यावर चालून गेल्या आणि विचारिले की पाणी केव्हा देता. पाणीखाते बोलिले, पाणी उंबऱ्यांप्रमाणे देण्यात येते, ज्या गावी जितके उंबरे तितके पाणी, आणि विषय विचाराधीन आहे. मग बाई शाळाखात्याकडे वळल्या आणि विचारिले की मुलांच्या डोक्यावरचा पत्रा काढून भिंती केव्हा बांधिता. शाळाखाते बोलिले, गावात उंबरे किती यावरून पट धरितात आणि पटावरून भिंती. मग बाईंनी पुन्हा घरखाते गाठिले, आणि मग पुन्हा पाणीखाते, आणि आठवा प्रश्न तर ऐसा चालला की घरखात्याने तो पाणीखात्याकडे वर्ग केला, पाणीखात्याने शाळाखात्याकडे, शाळाखात्याने घरखात्याकडे, आणि सतराव्या दिवशी जेथून निघाला तेथे तो परत आला, आणि घरखात्याने त्याजवर लिहिले की हा प्रश्न ओळखीचा वाटतो. हौसा हे मजला सांगताना इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली, आणि ती तशीच आम्ही खाल्ली. बाविसावा प्रश्न तिने ऐकिला. तेविसावा नाही.

तेविसाव्यापासून रेडिओ मीच लावू लागलो. आधी नुसता आवाज असावा म्हणोन लावी, मग ऐकू लागलो, मग ऐसे जाहले की प्रश्नाच्या वेळेस रंधा हातात धरून उभाच राही. श्रावण गेला, भाद्रपद गेला, आश्विन गेला, प्रश्न चाळीस जाहले, पन्नास जाहले, आणि उत्तर तेच की पाणी उंबऱ्यांप्रमाणे. आता उंबरा म्हणजे घर हे आपल्याकडे लहान मुलासही ठाऊक. परगावी पाहुणा आला तर आपण विचारतो, तुमचे गाव किती उंबऱ्यांचे, आणि तो सांगतो शंभराचे, दीडशेचे. गारमाळची घरे दोनशे बारा हे सगळ्यांस पाठ होते, आणि सगळ्यांस पाठ होते म्हणोनच कोणी विचारिले नव्हते. मार्गशीर्ष संपता संपता बाईंजवळचे प्रश्नही संपत आले, आणि साठावा प्रश्न त्यांनी नुसती जागा रिकामी जाऊ नये म्हणोन दिला: मौजे नवी गारमाळ येथे उंबरे किती.

उत्तर द्यावयास पाणीखात्याचे कारभारी भगवंतराव आठल्ये उठले. गृहस्थ गोड बोलणारे, उत्तर वाचण्याआधी चष्मा पुसण्याची त्यांस सवय. त्यांनी चष्मा पुसला, कागद वाचला आणि बोलिले, "निरंक."

बाईंनी पुरवणी विचारिली, "निरंक म्हणजे किती?"

"निरंक म्हणजे एकही नाही, बाई."

"मग ती दोनशे बारा काय उभी आहेत?"

"हा वेगळा प्रश्न होतो. तो लेखी द्यावा."

मी रंधा खाली ठेविला. पाणी नाही कारण उंबरे नाहीत, शाळेस भिंती नाहीत कारण उंबरे नाहीत, घरे द्यावयाची नाहीत कारण पाणी नाही, सात वर्षांचा गुंता एका शब्दावर उभा होता आणि तो शब्द त्या दिवशी प्रथम दरबारात मोठ्याने उच्चारला गेला. वळून सांगावयास गेलो, आणि खोलीत कोणी नव्हते.

बाई त्याच दुपारी मोजणी कचेरीत गेल्या. पुढचे त्यांनीच आम्हास धर्मशाळेत येऊन सांगितले. गारमाळची मोजणी ज्याने केली तो कारकून सदोबा मुळे, नोकरीची शेवटची दोन वर्षे राहिलेला, आयुष्यात एक आकडा चुकलेला नाही ऐसा माणूस. त्याने बाईंस चहा दिला आणि वही उघडून दाखविली. तो बोलिला, "दारे मोजली बाई, दोनशे बारा भरली. पण हुकुमात दारे नव्हती, उंबरे होते. उंबरा एकाही दारास नाही. मी दर दारापाशी वाकून पाहिले."

"सदोबा, उंबरा म्हणजे घर हो. तुमची आई कधी ऐसे म्हणाली नाही?"

"आई म्हणे. सरकार म्हणत नाही."

आणि त्याचे खरे होते. घरखात्याने ती दारे मुद्दाम सपाट केली होती, म्हाताऱ्यांस ठेच लागू नये आणि चाकाची खुर्ची अडू नये म्हणोन. ते चांगलेच केले होते. मंजुळेच्या सासूबाई स्वतः चाकाच्या खुर्चीत असतात. घरखात्याने चांगले केले, सदोबाने खरे लिहिले, पाणीखात्याने नियम पाळिला, आणि तिघांनी मिळून दोनशे बारा कुटुंबे नाहीशी केली. बाईंनी विचारिले की मग पुन्हा मोजणी केव्हा. सदोबा बोलिला की रीतीप्रमाणे तीन वर्षांनी. बाई उठू लागल्या तेव्हा त्याने वहीकडे पाहातच आणखी सांगितले की गावात एक जरी उंबरा वाढल्याची वर्दी आली तरी आठ दिवसांच्या आत पुन्हा मोजणे भाग आहे, कलम अकरा, आणि मोजणीत जे दिसेल ते लिहिणे भाग आहे, कलम बारा. इतके बोलून त्याने बाईंचा रिकामा कप उचलिला. बाईंनी तेथेच वर्दीचा कागद लिहून दिला. सदोबाने पाचव्या दिवसाची सकाळ नेमिली.

बाई धर्मशाळेत आल्या त्या चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेल्या. सगळे जमले, पडदे बाजूस सारिले. बाईंनी सगळी हकीकत सांगितली आणि मग माझ्याकडे वळून बोलिल्या, "सुतारदादा, दोनशे बारा उंबरे किती दिवसांत होतील?"

मी बोलिलो, "दोन महिने लागतील."

"चार दिवस आहेत."

"मग चार दिवसांत होतील," मी बोलिलो, आणि बोलून गेल्यावर मजला घाम फुटला.

पण काय ते चार दिवस. कोणी बोलिले की एकच उंबरा बसवा, मोजणी तर होईल. बाई बोलिल्या की एका उंबऱ्यास करंगळीएवढी नळी मिळेल, ती घेऊन काय मुंज करावयाची. मग लाकूड आणा ऐसा पुकारा जाहला. नाखवा बेंद्रे याने आपली जुनी होडी फोडून दिली, तिच्या फळ्यांचे बावीस उंबरे निघाले आणि सगळ्यांस सुकटीचा वास. कोणी झोपाळ्याची फळी आणिली, कोणी गाडीचे जू, कोणी खाटेचे पाय. गुरुजींनी शाळेची बाके दिली आणि मुले जमिनीवर बसून फार खूष जाहली. धर्मशाळेच्या व्यवस्थापकाने एक पाटी काढून दिली, येथे थुंकू नये ऐशी, तिची अक्षरे आम्ही खालच्या बाजूस केली. घरांस कुलपे होती, पण चौकट दाराच्या बाहेर चार बोटे येत होती, तेवढ्यात उंबरा बसवावयाचा. जावई बोलिला की मामा, नुसत्या फळ्या टाकू, वर दगड ठेवू, मोजणारा काय हलवून पाहणार आहे. मी बोलिलो की मोकळी फळी ती फळी. चौकटीस दोन्हीकडे खाच पाडून खुंटी मारिली तर तो उंबरा. यावरून आमची बोलाचाली जाहली, आणि शेवटी जावई खाच पाडावयास शिकला. पहिल्या दिवशी त्याच्या सात खाचा फुकट गेल्या, तिसऱ्या दिवशी तो माझ्यापेक्षा भरभर पाडू लागला. पहाटेस सुरू करावे, दिवेलागणीस हत्यारे धुवावी, मध्ये कोणाच्या हातची भाकरी खाल्ली ते कळू नये. माझ्या मागे तीस माणसे करवती घेऊन, बायका खुंट्या तासत, आणि एवढ्या पावसात कोणी भिजल्याची तक्रार केली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी लाकूड संपले. बारा उंबरे कमी. घरोघर फिरून नऊ जमले, तीन कमी. माझ्या खोलीत सागवानी पलंग होता, तो मी लग्नाच्या वर्षी हौसेसाठी केला होता, आणि श्रावणापासून मी खाली जमिनीवर निजत होतो. त्याच्या लांब पट्ट्यांचे दोन आणि उशाकडच्या फळीचा एक, ऐसे तीन होत होते. करवत लाविली तेव्हा मंजुळा दारात उभी होती. तिने आत येऊन पट्टीचे दुसरे टोक धरिले, आणि कापून होईतो धरून ठेविले. त्यातला एक एकेचाळीस नंबरास लागला.

पाचव्या दिवशी सकाळी सदोबा एसटीने उतरला तेव्हा शेवटच्या ओळीतले नऊ उंबरे बसावयाचे होते. मी आणि जावई ओळीच्या टोकाशी हातोडी घेऊन, आणि सदोबा पहिल्या घरापाशी वही घेऊन, बरोबर द्वारकाबाई, आणि मागे सगळी धर्मशाळा. सासूबाईंनी खुर्ची सगळ्यांच्या पुढे घेवविली होती. तेथले मंजुळेने मजला मागाहून सांगितले. बायकांनी नव्या उंबऱ्यांस हळदकुंकू वाहिले होते, त्याजवर पाय पडू नये म्हणोन सदोबा धोतर सावरून आखडता चालला, आणि पहिल्याच उंबऱ्यास त्याच्या अंगठ्यास ऐशी ठेच लागली की त्याने डोळे मिटले. मग डोळे उघडून वहीत लिहिले, "एक." मग त्याने दर उंबरा पायाने हलवून पाहिला, खुंटी बोटाने चाचपली, आणि एकही हलला नाही. जावयाने हे ऐकिले तेव्हा तो माझ्याकडे पाहीना.

दीडशेच्या पुढे गेल्यावर सदोबा थांबला आणि कान देऊन बोलिला, "पुढे ठोकल्याचा आवाज कसला येतो?"

बाई बोलिल्या, "पुढे गेल्यावर दिसेलच की."

सदोबाने बाईंकडे पाहिले, टोकाकडे पाहिले, आभाळाकडे पाहिले. मग त्यास तहान लागली. पाणी टँकरचे, ते आणीतो वेळ गेला. मग वहाणेचा अंगठा तुटला ऐसे त्यास वाटले. पाहिला तर तुटला नव्हता, पण पाहावयास वेळ गेला. मग एकशे साठीच्या घरात आकडा चुकला की काय ऐशी शंका त्यास आली, आयुष्यात न आलेली, आणि ती सगळी ओळ तो परत पहिल्यापासून मोजू लागला. खोटे लिहावयाचा नाही, पण हळू चालू नये ऐसे कोणत्याही कलमात नव्हते. इकडे मी खाच पाडतो, जावई खुंटी मारितो, दोनशे सहा, दोनशे सात, माझा अंगठा हातोडीखाली आला तो काळानिळा जाहला, दोनशे नऊ, पाऊस सुरू जाहला, दोनशे दहा, अकरा, आणि शेवटच्या खुंटीवर शेवटचा घाव घातला तेव्हा फळीवर छत्रीची सावली पडली. वर पाहिले तर सदोबा. त्याने वाकून खुंटी चाचपली. ती अजून गरम होती. तो बोलिला, "दोनशे बारा," आणि सही केली.

पौष शुद्ध चतुर्दशी, अधिवेशनाचा शेवटचा दिवस, दुसऱ्या दिवशी सात वर्षे भरणार. धर्मशाळेत रेडिओ मधोमध ठेविला, पडदे सगळे काढून ठेविले, मुलांस गप्प केले. बाईंचा एकसष्टावा प्रश्न पुकारला. तो साठाव्यासारखाच होता, एक अक्षर बदललेले नव्हते: मौजे नवी गारमाळ येथे उंबरे किती.

भगवंतराव उठले आणि हसून बोलिले, "बाई, हा एकसष्टावा. दम लागत नाही का तुम्हास?"

"लागतो. उत्तर आले की बसेन."

मग भगवंतरावांनी चष्मा पुसला. मग कागद वाचला. मग पुन्हा चष्मा पुसला आणि पुन्हा कागद वाचला, आणि रेडिओतून नुसती खरखर येऊ लागली. सासूबाई बोलिल्या, "ह्या मेल्यास वाचता येत नाही की काय?" मंजुळेने माझे मनगट धरिले होते, तिची नखे रुतली.

"दोनशे बारा," भगवंतराव बोलिले.

धर्मशाळेत ओरडा उसळला, त्यात बाईंची पुरवणी आम्हास ऐकू आली नाही. ती दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचिली. बाईंनी विचारिले की उंबरे दरबारात नोंदल्यावर किती दिवसांत पाणी देण्याचा नियम आहे. भगवंतराव बोलिले की चाळीस. बाई बोलिल्या की आजपासून मोजते, आणि खाली बसल्या. आणि जे काम उंबऱ्यांसह नोंदले ते चालू काम होते, ते दप्तरदाखल करिता येत नाही, म्हणोन घोड्यांचा चारा जेथे होता तेथेच राहिला.

मग नळ्या आल्या, चर खणिले, आणि अडतिसाव्या दिवशी गारमाळच्या पहिल्या नळास पाणी आले. आधी नुसताच फुसफुसला, मग तांबडे आले, मग स्वच्छ. लोकांनी ते ओंजळीत धरून एकमेकांच्या अंगावर उडविले, एवढ्या पावसाच्या मुलुखात. परंतु खाती स्वस्थ बसत नाहीत. घरखात्याचे पत्र आले की दारांस विनापरवाना उंबरे बसविले आहेत, वृद्धांस व चाकाच्या खुर्चीस अडथळा होतो, तरी ते काढावे, मग किल्ल्या देऊ. उंबरे काढावे तर पुन्हा निरंक. लोकांचे चेहरे उतरले. मी मात्र पत्र दोनदा वाचिले आणि उठलो, कारण हा प्रश्न दरबाराचा नव्हता, सुताराचा होता. दर उंबऱ्यास बाहेरून फळीची उतरण जोडिली, आतली उतरण कुलूप निघताच बसेल ऐशी तासून ठेविली, उंबरा उंबऱ्याच्या जागी आणि चाक वरून सरळ. घरखात्याचे दोन अंमलदार पाहावयास आले. सासूबाईंनी खुर्ची स्वतः ढकलीत एकेचाळीस नंबराच्या उंबऱ्यावर चढवून बंद दारास टेकविली, उलटी खाली आणिली, पुन्हा नेली, आणि अंमलदारांस बोलिल्या, "गेली की नाही? मग आता किल्ल्या ठेवा आणि तुम्हीही जा." त्यांनी शेरा मारिला की अडथळा दिसून आला नाही.

शाळेचे लिहावयाचे तर, पट उंबऱ्यांवरून धरिला गेला, भिंतींचा पाया खणिला आहे, छपराचे उत्तर विचाराधीन आहे, आणि द्वारकाबाईंनी नवा कागद पुढे ओढला आहे. सदोबा मुळे याने मजला एक पोस्टकार्ड पाठविले, त्यात ओळ एकच की अंगठा बरा आहे. माझाही बरा आहे.

फाल्गुन शुद्ध द्वितीयेस किल्ल्या वाटल्या. मंजुळेने एकेचाळीसाचे कुलूप काढिले, ते गंजले होते, जावयाने तेल घातले तेव्हा निघाले. सासूबाईंची खुर्ची आत गेली, मुले आत गेली आणि प्रत्येक खोलीत जाऊन ओरडून आली, कारण घर रिकामे असल्याने आवाज घुमत होता. मजला पाट दिला, नळाचे पाणी दिले, ते मी प्यालो. निघतो म्हणालो तर मंजुळा दारापर्यंत आली, काही बोलू लागली, तो आत जावयाने काहीतरी पाडिले आणि ती तिकडे धावली. मी उतरणीवरून बाहेर आलो. दार मागे लागले. मग आतून मंजुळेचा आवाज आला, जावयाचा आवाज आला, तो तिच्यापेक्षा वर, मग तिचा त्याहून वर, चांगले कडकडीत भांडण, सात वर्षांत पहिल्यांदा घरात, भर पावसात, अर्धे न टाकता. मी थोडा वेळ उभा राहून ऐकिले. मग आतून कडी लागली, आणि मी कारखान्याकडे चालू लागलो.

येणेप्रमाणे प्रश्न एकसष्ट, उत्तर एक, दारे दोनशे बारा, आणि ती सर्व आता आतून बंद होतात. हकीकत पुरी जाहली.